जयंतीच्या फ्लेक्सवरचे ‘व स्थानिक कलावंत’

मार्च लागला की अमरावती आणि अकोल्यातल्या वस्त्यांमध्ये जयंतीच्या बैठका सुरू होतात. विहारात सतरंजी अंथरली जाते, गेल्या वर्षीचा हिशेब वाचून होतो, वर्गणीची पावतीपुस्तके वाटली जातात आणि मग सगळे ज्याची वाट पाहत असतात तो प्रश्न येतो: यंदा प्रोग्रामला कोणाला आणायचे? नावे पडतात. कोणाची सुपारी किती, कोणाची तारीख मोकळी, कोण स्वतःचा संच घेऊन येतो आणि कोण ट्रॅकवर गातो, यावर तासभर जातो. आठ दिवसांनी चौकात फ्लेक्स लागतो. मधोमध बाहेरून येणाऱ्या गायकाचा मोठा फोटो, खाली सौजन्य म्हणून चार-पाच पुढारी, कोपऱ्यात साऊंडवाल्याचे नाव मोबाईल नंबरसकट. आणि या सगळ्यांच्या मध्ये, दिसेल न दिसेल अशा अक्षरात, तीन शब्द: ‘व स्थानिक कलावंत’.

हा लेख आम्ही त्या तीन शब्दांबद्दल लिहीत आहोत.

दोन वर्षांपूर्वी अकोला जिल्ह्यातल्या एका गावी आम्ही कार्यक्रमाला गेलो होतो. गावाचे नाव सांगत नाही, कारण हे कुठल्याही गावात घडते. सत्तरी पार केलेले एक गायक हार्मोनियम घेऊन संध्याकाळी सातपासून मंचामागे बसले होते. सोबत ढोलकीवाला आणि दोघे कोरसवाले. भाषणे पावणेदहाला संपली. मग बाहेरून आलेल्या गायकाचा साऊंड चेक. शेवटी यांना सांगितले, एक गाणे म्हणा आणि आटोपते घ्या. ते गाणे म्हणून खाली उतरले आणि आमच्यातल्या एकाला एवढेच म्हणाले, “एकच गानं म्हनाले बलावलं होतं का रे बापू?” आमच्याकडे उत्तर नव्हते. त्या कार्यक्रमाच्या तयारीत आम्हीही होतो.

वेळेचा हा घोळ समजून घ्यायला हवा, कारण त्यात कोणाचा वाईट हेतू असतोच असे नाही. ध्वनी प्रदूषणाविषयीच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. राज्य सरकारला वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस ही मुदत रात्री १२ पर्यंत वाढवून देता येते. ज्या दिवसांना सूट असते त्यांचा आदेश जिल्ह्याला निघतो. पण आपल्याकडे जयंती एका दिवसात कुठे संपते? गावोगावचे कार्यक्रम मे महिन्यापर्यंत चालतात, आणि त्या बहुतेक तारखांना १० म्हणजे १०. दुसरीकडे वऱ्हाडातले एप्रिलचे ऊन. अकोल्यात पारा ४२-४३ च्या वर जातो, सहाच्या आधी मैदानात कोणी बसू शकत नाही. म्हणजे हातात राहतात चार तास. त्यात भाषण लांबले की वेळ कोणाची कापली जाते? ज्याला सुपारी दिली त्याची नाही. ज्याला फुकट बोलावले त्याची.

हे मंच कोणी उभे केले, ते एकदा आठवू या.

१८७३ मध्ये महात्मा फुल्यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला आणि त्या चळवळीतून सत्यशोधक जलसे निघाले. तमाशाचा साचा तोच, पण गणपतीचे नमन, गवळणीतली कृष्णाची छेडछाड गेली आणि तिथे भटशाही, सावकारी, शिक्षण आले. पुढे बाबासाहेबांची चळवळ उभी राहिली तेव्हा नाशिककडच्या भीमराव कर्डकांसारख्यांनी हाच साचा हातात घेतला. ढोलकी, तुणतुणे, झांज आणि चार-सहा माणसे. ज्यांना वर्तमानपत्र वाचता येत नव्हते त्यांना चवदार तळे काय, काळाराम मंदिर काय, गोलमेज परिषद काय, हे जलशातून कळले. कर्डकांनी या कामाची हकीकत ‘आंबेडकरी जलसे’ या पुस्तकात लिहून ठेवली म्हणून आज आपल्याला त्यातली माणसे नावाने माहीत आहेत. ज्यांच्याबद्दल कोणी लिहिले नाही ती गेली.

वऱ्हाडाचा मंचाशी संबंध तर आणखी जुना आणि जवळचा आहे. १३ नोव्हेंबर १९२७ ला अमरावतीत अंबादेवी मंदिर प्रवेशाच्या प्रश्नावर परिषद भरली, अध्यक्ष बाबासाहेब होते, आणि जागा होती इंद्रभुवन थिएटर. नाटके व्हायची त्या जागेत. आज इर्विन चौकात पुतळ्याला अभिवादन करायला जमणाऱ्या किती तरुणांना हे ठाऊक असेल, आम्हाला शंका आहे.

स्वातंत्र्यानंतर जलशाच्या जागी हळूहळू कव्वाली आली. समोरासमोर दोन पार्ट्या, एकाने सवाल टाकायचा, दुसऱ्याने रातोरात जवाब बांधायचा, लोक पहाटेपर्यंत हलायचे नाहीत. विदर्भात नागोराव पाटणकरांचे नाव काढले की आजही म्हातारी माणसे सावरून बसतात. या सगळ्यांना शब्द पुरवले ते वामनदादा कर्डक आणि त्यांच्यासारख्या कवींनी. वामनदादांचा जन्म १५ ऑगस्ट १९२२ चा, सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा. १९४३ साली त्यांनी पहिले गाणे रचले ते एका हिंदी गाण्याच्या चालीवर. १५ मे २००४ ला ते गेले, तोवर त्यांची गाणी महाराष्ट्रभर गायली जात होती आणि गाणाऱ्यांपैकी कित्येकांना ती कोणाची हे माहीत नव्हते.

इथे एक बारीक गोष्ट सांगायला हवी, कारण नव्या गायकांना ती कोणी सांगत नाही. जुने कवी शेवटच्या कडव्यात स्वतःचे नाव गुंफत. वामनदादा ‘वामन’ घालत. ही नाममुद्रा म्हणजे त्या काळचा कॉपीराइटच. छापील पुस्तक नाही, रेकॉर्ड नाही, पण गाणे जिथे जाईल तिथे कवीचे नाव सोबत जाईल. आता काय होते? रील साठ सेकंदांचे, डीजे मिक्स दीड मिनिटाचे. धृपद आणि पहिले कडवे घेतले की काम झाले. शेवटचे कडवे कापले जाते आणि त्याच्यासोबत कवीही. कायदा कवीच्या बाजूने आहे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकाराचा रॉयल्टीतला वाटा त्याच्याकडून लिहून घेऊनसुद्धा काढून घेता येत नाही. पण नावच कोणाला माहीत नसेल तर वाटा मागणार कोण?

त्यात अमरावतीकरांनी विशेष लक्ष द्यावे असे एक उदाहरण आहे. आपले अनेक कार्यक्रम ज्या भीमवंदनेने सुरू होतात ती सुरेश भटांची. भट जन्मले अमरावतीत, १५ एप्रिल १९३२ ला, म्हणजे बाबासाहेबांच्या जयंतीच्या दुसऱ्या दिवशी. त्यांच्याच गावच्या मंचावर त्यांचे गाणे निनावी गायले जाताना आम्ही ऐकले आहे.

आता थोडे दूर जाऊ. कव्वालीच्या संचात एक वाद्य असते, त्याला आपण बेंजो म्हणतो. टाइपरायटरसारखी बटणे, तारा, तीक्ष्ण खणखणीत आवाज. त्याचे खरे नाव बुलबुलतरंग, आणि मूळ जपानी: १९१२ च्या सुमारास नागोया शहरात तयार झालेले ताइशोगोतो. मग बेंजो हे नाव कुठून आले? ते अमेरिकेतल्या वेगळ्याच वाद्याचे. आफ्रिकेतून गुलाम करून नेलेल्या माणसांनी आठवणीतून, भोपळ्याला कातडे आणि तारा लावून बनवलेले ते बँजो. एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही, फक्त नाव आले. पण ज्या संगीतात ते बँजो वाजले त्या संगीताशी आपला संबंध आम्हाला वाटतो. ते म्हणजे जॅझ.

जॅझ म्हटले की आपल्या पोरांच्या डोळ्यांसमोर मुंबईचे पंचतारांकित हॉटेल येते. ते अगदीच चूक नाही. १९३५ पासून ताजमहाल हॉटेलात लिऑन अ‍ॅबी, क्रिकेट स्मिथ, टेडी वेदरफोर्ड असे कृष्णवर्णीय वादक वाजवत आणि त्यांच्यासोबत शिकलेले गोव्याचे वादक पुढे हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात गेले. १९७८ ला मुंबईत जॅझ यात्रा नावाचा महोत्सव सुरू झाला, तोही इंग्रजी जाणणाऱ्यांचाच राहिला. पण हॉटेल हे जॅझचे माहेर नव्हे. जॅझ जन्मले १९०० च्या आगेमागे न्यू ऑर्लिन्स शहरात, गुलामी संपून पस्तीस-चाळीस वर्षेच झाली होती तेव्हा. त्या शहरात काँगो स्क्वेअर नावाचे मैदान आहे. गुलामीच्या काळात रविवारी तिथे गुलामांना जमायची मुभा असे, आणि ते जमून आफ्रिकेचे ढोल वाजवत, नाचत. वस्त्यांमध्ये वर्गणीवर चालणारी मंडळे होती. आजारपणाला, अंत्यविधीला पैसा पुरवायचा आणि वर्षातून एकदा बँड लावून मिरवणूक काढायची, हे त्यांचे काम. आपल्या वस्तीतल्या मंडळाहून यात वेगळे काय आहे? दोन बँड रस्त्यात समोरासमोर आले की थांबून एकमेकांना हरवेपर्यंत वाजवायचे. तो सामनाच झाला.

चालीचेही तसेच. जॅझवाला बाजारात गाजलेले गाणे उचलतो आणि जागेवर ते असे फुलवतो की मूळ मालकाला ओळखू येऊ नये. वामनदादांनी हिंदी गाण्याची चाल घेतली आणि त्यात महाडचे पाणी भरले. ‘चाल उसनी आहे’ म्हणून भीमगीताला नाक मुरडणारे जॅझला मात्र अभिजात म्हणतात, याची आम्हाला गंमत वाटते.

याच शहरात १९७० पासून दरवर्षी ‘न्यू ऑर्लिन्स जॅझ अँड हेरिटेज फेस्टिव्हल’ भरतो. एप्रिलचा शेवट ते मेचा पहिला आठवडा, म्हणजे आपल्या जयंतीच्या हंगामातच. त्याची कथा जाणून घेण्यासारखी आहे. जॉर्ज वीन या आयोजकाला शहराने १९६२ लाच विचारले होते. पण तेव्हा तिथे वर्णभेदाचे कायदे होते: गोऱ्या-काळ्या कलावंतांनी एका मंचावर वाजवायचे नाही, एका हॉटेलात उतरायचे नाही. वीन गोरे, त्यांची पत्नी जॉइस कृष्णवर्णीय. अशा शहरात महोत्सव होणार कसा? १९६४ चा नागरी हक्क कायदा झाला, आणखी काही वर्षे गेली, तेव्हा कुठे १९७० उजाडले. जागा निवडली काँगो स्क्वेअर. तिकीट ३ डॉलर. ऐकायला आली साडेतीनशेच माणसे, वाजवणारे त्याच्या दुप्पट होते असे सांगतात.

त्या पहिल्या वर्षीचा एक प्रसंग आहे. महेलिया जॅक्सन ही जगप्रसिद्ध गायिका याच शहराची लेक. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या सभांमध्ये गाणारी. ती मैदानात आली तेव्हा युरेका ब्रास बँड हा तिथला जुना स्थानिक बँड लोकांना मागे घेऊन वाजवत चालला होता. वीन यांनी तिच्या हातात माइक दिला आणि ती त्या बँडसोबत, लोकांमध्ये उभी राहून गायली. मोठे नाव आधी आणि स्थानिक मागाहून असा क्रम तिथे लागलाच नाही. ती त्यांच्यात मिसळली.

पुढे महोत्सव प्रचंड वाढला, पण काही गोष्टी मुळातच ठरलेल्या होत्या. त्याची मालकी एका ना-नफा संस्थेकडे आहे. येणाऱ्या पैशातून मुलांसाठी मोफत संगीतशाळा चालते, सामुदायिक रेडिओ चालतो, जुन्या ध्वनिमुद्रणांचा संग्रह सांभाळला जातो. बहुसंख्य कलावंत त्याच राज्यातले असतात. आणि कार्यक्रमपत्रिका चौकोनांच्या तक्त्यात छापतात: डावीकडून उजवीकडे वेळ, वरून खाली मंच, प्रत्येक चौकोनात एक नाव. वस्तीतला बँड असो की जगभर फिरणारा गायक, प्रत्येकाला स्वतःचा चौकोन आणि त्यावर वेळ. कोणी ‘व इतर’ नसतो.

सगळे आलबेल आहे असेही नाही. २०२४ ला तिथे रोलिंग स्टोन्स हा इंग्लंडचा बँड आणला होता, आणि तिकीट आता ३ डॉलर राहिलेले नाही. ज्यांच्या आजोबांनी हे संगीत घडवले त्यांनाच आत जाणे परवडत नाही, ही तक्रार तिथे जुनी आहे. मोठ्या नावाचा मोह आपल्यालाच आहे असे समजू नये.

आमचे काही मित्र म्हणतील, अमेरिकेचे काय सांगता. तर जवळचे सांगतो. चेन्नईत डिसेंबर-जानेवारीत मार्गळी महिन्याच्या मैफलींचा मोठा हंगाम असतो, त्यात वर्षानुवर्षे कर्नाटक संगीतालाच जागा. दिग्दर्शक पा. रंजित यांच्या नीलम संस्थेने आधी ‘कास्टलेस कलेक्टिव्ह’ हा बँड उभा केला आणि २०२० पासून त्याच हंगामात, त्याच शहरात लोकसंगीताचा महोत्सव भरवला. पराई वाजवणारे, मयताला रडगाणी गाणारे, झोपडपट्टीतली गाना गाणारे. ज्यांना मयतापुरते बोलवायचे त्यांना मुख्य मंच, मुख्य वेळ. कार्यक्रमाची यादी ही साधी गोष्ट नसते, हे यावरूनच कळावे.

मग आपण काय करायचे? आम्ही बैठकीत मांडलेला हिशेब इथे देतो, पटला तर घ्या. सहा ते दहा म्हणजे २४० मिनिटे. त्रिशरण-पंचशील आणि भीमवंदना १५ मिनिटे. भाषणे ४० मिनिटे, वक्ते तीनच, आणि घड्याळ वक्त्याच्या समोर. पाहुण्या गायकाला ७५. उरली ११०. त्यातली २५ माइक-वाद्ये हलवण्यात जातातच, ती आधीच धरा, नाहीतर ती कोणाच्या तरी गाण्यातून कापली जातात. राहिलेल्या ८५ पैकी विहारातल्या महिला मंडळाला २०, जुन्या भीमगीत-कव्वालीच्या संचाला सलग ४५, वस्तीतल्या रॅप करणाऱ्या पोरांना २०. आणि क्रम? भाषणांच्या आधी महिला मंडळ आणि पोरे, भाषणांनंतर लगेच जुना संच, शेवटी पाहुणे. दहा वाजले तर कापले जाईल ते पाहुण्यांचे शेवटचे गाणे, ज्यांना पुढच्या गावी पुन्हा मंच मिळणारच आहे.

महिला मंडळाबद्दल थोडे थांबतो. त्यांना आपण ‘स्वागतगीत’ देऊन मोकळे होतो. पण बाबासाहेबांवरच्या गाण्यांचा सगळ्यात मोठा साठा जात्यावरच्या ओव्यांत आहे. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगाव फिरून एक लाखावर ओव्या गोळा केल्या. त्यातल्या भीम-रमाईवरच्या ओव्या १९९६ साली माजलगावच्या बायांकडून टेप केल्या गेल्या आणि आज त्या इंटरनेटवर कोणालाही ऐकता येतात. माजलगाव मराठवाड्यात. अचलपूरच्या, मूर्तिजापूरच्या, दर्यापूरच्या आज्यांच्या ओव्या कोणी टेप केल्या? आमच्या पाहण्यात तरी नाहीत. आणि जाते आता कोणाच्या घरात फिरते? ज्या बायांना त्या पाठ आहेत त्यांचे वय काढा म्हणजे किती वेळ उरला आहे ते लक्षात येईल.

पैशाचा मुद्दा टाळून चालणार नाही. ‘आपल्याच समाजाचा आहे, पैसे काय मागणार’ हे वाक्य आम्ही प्रत्येक बैठकीत ऐकतो. डीजेवाल्याला हे वाक्य कोणी ऐकवत नाही. त्याला अ‍ॅडव्हान्स लागतो आणि मिळतो. आमचा आग्रह असा की स्थानिक संचाचे मानधन बैठकीतच ठरावे, हिशेबात वेगळ्या ओळीवर लिहावे आणि गाण्याआधी पाकिटात द्यावे. ढोलकीवाल्याचे पाकीट वेगळे. तोही दिवसभराची मजुरी बुडवूनच आलेला असतो. डीजे पूर्ण बंद करा असे आम्ही म्हणत नाही. मिरवणुकीत पोरे नाचणार, नाचू द्या. पण डीजेचा एक बॉक्स कमी केला तर एका संचाचे मानधन निघते, हा व्यवहार प्रत्येक मंडळाने स्वतःच्या वहीत करून पाहावा.

लोक थांबणार नाहीत, जुने गाणे कोणाला ऐकायचे आहे, अशीही भीती घालतात. औरंगाबादच्या कडुबाई खरात एकतारीवर गातात. मागे ना ट्रॅक, ना लाइट. कोणीतरी मोबाईलवर काढलेल्या व्हिडिओमुळे त्या घराघरात पोचल्या. ऐकणारे आहेत. त्यांना ऐकू जाईल अशी वेळ आणि माइक पाहिजे. शाहीर विठ्ठल उमप तर २६ नोव्हेंबर २०१० ला नागपुरात दीक्षाभूमीवरच्या कार्यक्रमात, मंचावरच गेले. ऐंशीच्या उंबरठ्यावरच्या त्या माणसाला तेव्हाही मंचावर बोलावणारे होते.

शेवटचे काम तरुणांचे, आणि त्याला पैसा लागत नाही. एक वही करा. कार्यक्रमाची तारीख, गाव, गाण्याचा कवी, चाल कुठली, गायले कोणी, ढोलकीवर कोण, कोरसला कोण. गायकाला विचारून फोनवर पूर्ण गाणे रेकॉर्ड करा, नाममुद्रेच्या कडव्यासकट. निवेदकाने गाण्याआधी कवीचे नाव घेतलेच पाहिजे, हे त्याला कागदावर लिहून द्या. दसऱ्यानंतर अकोल्याच्या क्रिकेट क्लब मैदानावर धम्म मेळावा भरतो तेव्हा लाखोंसमोर गाणी होतात. तिथपर्यंत दोन्ही जिल्ह्यांतल्या पन्नास गावांच्या वह्या जमल्या तरी कोण कुठे गातो याची पहिली यादी आपल्या हातात येईल.

ज्यांना एकच गाणे मिळाले होते त्या बाबांकडे आम्ही नंतर जाऊन आलो. त्यांच्याकडे पत्र्याच्या पेटीत तीन वह्या आहेत, शाई उडालेली, काही पाने वाळवीने खाल्लेली. काही गाणी त्यांची स्वतःची, काही त्यांच्या गुरूंची, आणि कोणते कोणाचे हे फक्त त्यांनाच सांगता येते. येत्या रविवारी आम्ही फोन आणि चार्जर घेऊन पुन्हा जाणार आहोत. पानाचा फोटो काढायचा, गाणे त्यांच्याकडून म्हणवून घ्यायचे, कवीचे नाव विचारून लिहायचे. बाबा म्हणाले आहेत, सकाळी सातलाच या, नऊनंतर ऊन तापते आणि पेटीचा सूर उतरतो.